गेम अडकतोय? रिचार्ज मारण्याआधी मोबाईलची सेटिंग बघा

बीजीएमआय किंवा फ्री फायर मॅक्स खेळताना मोबाईलला रेंज फुल दिसते, तरी गेम अडकतो. गोळी आपण आधी मारतो, पण मरतो आपलाच गडी. मग घरात मोठ्या डेटा पॅकचा हट्ट सुरू होतो. दिवसाचा डेटा संपून स्पीड पडला असेल तर गोष्ट वेगळी, नाहीतर मोठ्या पॅकने फरक पडत नाही. गेमला व्हिडिओपेक्षा खूप कमी डेटा लागतो. खरी अडचण असते पिंगची.

पिंग म्हणजे काय?
मोबाईलमधून निघालेला सिग्नल गेमच्या सर्व्हरला जाऊन परत यायला लागणारा वेळ म्हणजे पिंग. तो मिलिसेकंदात मोजतात. 1 सेकंद म्हणजे 1000 मिलिसेकंद. खेळताना स्क्रीनच्या कोपऱ्यात हा आकडा दिसतो. तो 100 च्या आत असला की खेळ बरा चालतो, 200 च्या वर गेला की उशीर जाणवतो.

फुकटात काय करता येईल?
1. गावात 5जी ची रेंज कच्ची असेल तर फोन सारखा 5जी-4जी करत राहतो. मोबाईल नेटवर्कच्या सेटिंगमध्ये जाऊन 4जी निवडा.
2. दोन सिम असतील तर घरात ज्याची रेंज चांगली, त्याच सिमवर डेटा ठेवा.
3. प्ले स्टोअरचं ऑटो अपडेट आणि व्हॉट्सॲपचे फोटो-व्हिडिओ आपोआप डाऊनलोड होणं बंद करा. खेळताना बॅटरी सेव्हरही बंद ठेवा.
4. पत्र्याच्या घरात सिग्नल अडतो. दाराशी किंवा ओट्यावर बसून बघा.
5. वायफाय असेल तर राऊटरच्या खोलीत 5 गिगाहर्ट्झ वापरा. भिंतीपलीकडे 2.4 जास्त पोचतं. त्याच वायफायवर कोणी व्हिडिओ बघत असेल तर पिंग वाढणारच.
6. एपीएनमध्ये कोणाचं ऐकून बदल केले असतील तर 'रीसेट टू डिफॉल्ट' करा. मग एरोप्लेन मोड 10 सेकंद चालू करून बंद करा.

एका वेळी एकच बदल करा आणि पिंगचा आकडा बघा. म्हणजे नेमका कशाने फरक पडला ते कळतं.

'पिंग बूस्टर'पासून सावध
पिंग कमी करून देतो म्हणून टेलिग्राम, यूट्यूबवर एपीके फाईलच्या लिंक फिरतात. असलं ॲप टाकू नका. त्याला मेसेज वाचायची परवानगी दिली की बँकेचा ओटीपी परक्याच्या हाती जाऊ शकतो. पोरं खेळतात तो मोबाईल बरेचदा वडिलांचा असतो आणि पीक विम्याचे, दुधाचे पैसे त्याच नंबरच्या खात्यात येतात. फसवणूक झालीच तर लगेच 1930 ला फोन करा.

संध्याकाळी टॉवरवर गर्दी असते. तेव्हा कोणतीही सेटिंग चालत नाही. सकाळी पिंग कमी आणि रात्री जास्त दिसत असेल तर दोष मोबाईलचा नाही, टॉवरचा आहे. त्याची तक्रार कंपनीच्या कस्टमर केअरला नोंदवा आणि तक्रार क्रमांक लिहून ठेवा.