साउंडबारला बिनतारी स्पीकरची जोड

भिंतीवर टांगता येणारे सडपातळ दूरचित्रवाणी संच घरोघरी आले, पण त्यांत मोठ्या स्पीकरसाठी जागाच उरली नाही. वर्धा शहराला लागून असलेल्या पिपरी मेघेसारख्या वसाहतीत उन्हाळ्यात कूलर सुरू झाला, की मालिकेतील संवाद कानी पडण्यासाठी आवाज वाढवत न्यावा लागतो. यावर उपाय म्हणून साउंडबार घेतला जातो. त्यानंतर घरातील ब्ल्यूटूथ स्पीकरही त्याला जोडावेत, असे अनेकांना वाटते. अशी जोड देता येते. मात्र चित्रपट पाहणे आणि गाणी ऐकणे यांच्या गरजा भिन्न आहेत. हा फरक ध्यानात न घेतल्यास खर्च वाया जाण्याचा संभव असतो.

विलंबाचे गणित

ब्ल्यूटूथने आवाज पाठवताना तो आधी आकुंचित केला जातो आणि स्पीकरमध्ये पुन्हा उलगडला जातो. या प्रक्रियेत साधारणपणे १०० ते ३०० मिलिसेकंद जातात. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या १९९८ च्या शिफारशीनुसार, आवाज चित्रामागे सुमारे १२५ मिलिसेकंद राहिला की प्रेक्षकाला तो फरक जाणवू लागतो. ओठ आधी हलतात आणि शब्द मागून येतात, तो याचाच परिणाम. साउंडबार तारेने आणि दुसरा स्पीकर ब्ल्यूटूथने जोडल्यास एकच संवाद दोनदा ऐकू येतो.

गाण्याला मात्र ओठांशी जुळण्याचे बंधन नसते. त्यामुळे गाण्याचा थोडा भाग आधी साठवून सर्व स्पीकरवर एकाच क्षणी वाजवता येतो. एअरप्ले २, गूगल होम किंवा अलेक्सा यांच्या साहाय्याने वायफाय स्पीकरचा गट करता येतो, तो याच तत्त्वावर. साउंडबारही त्याच प्रणालीचा असल्यास तो या गटात सामील होऊ शकतो.

जोडणी कशी करावी?

दूरचित्रवाणी संच आणि साउंडबार तारेनेच जोडावेत. त्यासाठी एचडीएमआय केबल 'एआरसी' किंवा 'ईएआरसी' असे लिहिलेल्या खाचेत लावावी. एआरसीची सोय २००९ च्या एचडीएमआय १.४ पासून आली. या जोडणीमुळे संचाच्या रिमोटनेच साउंडबारचा आवाज कमी-अधिक करता येतो. संचाला ही खाच नसेल, तर ऑप्टिकल केबल वापरावी.

मागील बाजूस स्पीकर हवे असतील, तर ते साउंडबारच्याच कंपनीचे आणि त्या मॉडेलला चालणारे असावेत. बहुतेक साउंडबारमधील ब्ल्यूटूथ फोनवरून आवाज घेण्यासाठी असते, अन्य स्पीकरला देण्यासाठी नव्हे. एकाच कंपनीच्या संचात साउंडबार आणि मागील स्पीकर यांच्यात अल्प विलंबाचा स्वतंत्र बिनतारी दुवा असतो. हवेत एक मीटर अंतर कापण्यास ध्वनीला सुमारे ३ मिलिसेकंद लागतात. म्हणून सेटिंगमध्ये प्रत्येक स्पीकरचे अंतर भरण्याची सोय असेल, तर ते मोजून भरावे.

'बिनतारी' म्हणजे पूर्णपणे विनातार नव्हे. मागील स्पीकरना सहसा विजेची तार लागतेच. खरेदीपूर्वी सोफ्यामागे सॉकेट आहे का, हे पाहून घ्यावे.

संवाद ऐकू येत नसल्यास

घरातील ज्येष्ठांना संवाद स्पष्ट ऐकू यावेत एवढाच हेतू असेल, तर मागील स्पीकरवर खर्च करण्यात फारसा अर्थ नाही. चित्रपटात संवाद मुख्यतः मधल्या, म्हणजे साउंडबारमधील वाहिनीतून येतात. मागून पाऊस, गर्दी, पार्श्वसंगीत ऐकू येते. अशा वेळी मधली वाहिनी स्वतंत्र असलेला साउंडबार निवडावा आणि त्यातील संवाद स्पष्ट करणारी सोय सुरू ठेवावी. साउंडबार पडद्याखाली, कपाटाच्या काठाशी असावा. खणात आत ढकलल्यास आवाज कोंडतो.

शेजाऱ्यांचेही भान हवे

महाराष्ट्रात मिरवणुकीतील ध्वनिभिंतीलाच 'डॉल्बी' म्हणण्याची पद्धत आहे. साउंडबारवरील 'डॉल्बी ॲटमॉस' हे मात्र आवाजाच्या मोठेपणाचे नव्हे, तर आवाज चहूबाजूंनी व वरूनही आल्याचा भास निर्माण करणाऱ्या, २०१२ मध्ये चित्रपटगृहांत आलेल्या तंत्राचे नाव आहे. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागातील मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत ४५ डेसिबल आहे. सबवूफरचा खर्जातील आवाज भिंतीपलीकडे सहज पोहोचतो. तेव्हा रात्री तो कमी करणे, हाच उत्तम शेजारधर्म.