वाटणीची गोष्ट लिहिणारा निर्वासित

डहाणू लोकल विसरा. पालघर जिल्हाही विसरा, हा सगळा मुलूख अजून ठाणे जिल्ह्यात आहे. साल १९५६, महिना ऑक्टोबर. तुम्ही दिल्लीहून आलेल्या फ्रंटियर मेलच्या खिडकीशी बसला आहात. विजेच्या तारा विरारच्या पुढे आलेल्या नाहीत, त्यामुळे इंजिन कोळशाचं आहे आणि मान बाहेर काढली की डोळ्यांत कण जातो. वाणगाव गेलं, बोईसर आलं. रुळांच्या दोन्ही अंगांना भात. हळवं पिवळं पडून कापणीला आलंय, गरवं अजून हिरवं आहे. एमआयडीसी यायची आहे. पश्चिमेला ताडांपलीकडे तारापूर, मग समुद्र.

समोरच्या बाकावर कल्पनेनं एका एकोणीस वर्षांच्या पोराला बसवू या. हरिकृष्ण गिरी गोस्वामी. याच वर्षी तो नट व्हायला मुंबईत आला. ‘शबनम’मध्ये दिलीपकुमारच्या पात्राचं नाव होतं मनोज, तेच त्यानं स्वतःसाठी घेतलंय : मनोजकुमार.

कुठला रे तू, असं विचारलंत तर तो दिल्ली म्हणेल. म्हणून आणखी नऊ वर्षं मागे चला. १९४७. ॲबटाबादला जन्मलेला हा मुलगा दहा वर्षांचा आहे आणि घरदार सोडून आलेल्या कुटुंबाबरोबर दिल्लीच्या किंग्जवे कॅम्प भागात राहतो आहे. आई रुग्णालयात आहे, कडेला दोन महिन्यांचा भाऊ कुकू. दंगलीचा भोंगा वाजला की डॉक्टर, परिचारिका तळघरात जातात. बाळ तिथेच दगावतं. दहा वर्षांचा पोर काठी उचलतो आणि दिसेल त्याला मारत सुटतो. वडील त्याला आवरतात आणि शपथ घालतात : आयुष्यात कधी दंगा करायचा नाही, मारामारी करायची नाही. हा प्रसंग मनोजकुमार पुढे अनेकदा सांगत. त्या शपथेनं हातातली काठी गेली, मनातला संताप मात्र राहिला. त्याचं काय करायचं, याचं उत्तर सापडायला बरीच वर्षं लागली.

आता पुढे सरका, पण इथे फार थांबू नका. नातेवाईक दिग्दर्शक लेखराज भाक्री यांच्या ‘फॅशन’मध्ये, १९५७ साली, या विशीतल्या मुलाला म्हाताऱ्या भिकाऱ्याचं छोटं काम मिळतं. नायक व्हायला १९६१ची ‘काँच की गुडिया’ उजाडते. मधल्या काळात तो लिहायला शिकतो. १९६५च्या ‘शहीद’मध्ये तो भगतसिंग होतो.

१९६५चे शेवटचे महिने. पुन्हा खिडकीशी बसा. युद्ध नुकतंच थांबलंय. पंतप्रधान लालबहादूर शास्त्रींनी मनोजकुमारला ‘जय जवान, जय किसान’वर चित्रपट काढायला सांगितलंय, आणि दिल्लीहून परतताना तो गाडीतच वही उघडून गोष्ट लिहायला लागलाय. त्याला याच डब्यात, याच मार्गावर बसलेला पाहा. बाहेर कापणी झालेली आहे, खळ्यावर भाताची झोडणी चालली आहे. तारापूरला देशातल्या पहिल्या अणुवीज केंद्राचं बांधकाम सुरू आहे. जेमतेम आठ वर्षांपूर्वी, १ एप्रिल १९५७ला, कूळकायद्यानं कसणाऱ्याला मालक ठरवलं. जमीन कोणाची, हा प्रश्न या खिडकीबाहेर नेहमीच तापलेला असतो.

वहीत काय उतरतंय ते बघा. छावणी नाही, कुकू नाही, सीमाही नाही. उतरतंय ते एक खेडं आणि त्यातले दोन भाऊ. थोरला राबतो, धाकटा शिकून येतो आणि जमिनीत वाटा मागतो. थोरला वाटा सोडून फौजेत जातो. देशाची फाळणी पाहिलेल्या माणसानं ती शेताच्या बांधावर आणून ठेवली. त्यामुळे निर्वासिताचं दुःख शेतकऱ्यालाही आपलं वाटलं. ज्याचं स्वतःचं गाव सुटलं होतं, त्यानं नायकाला नाव दिलं भारत.

शास्त्रीजी ११ जानेवारी १९६६ला ताश्कंदमध्ये वारले, चित्रपट पाहायला राहिले नाहीत. ‘उपकार’ १९६७ साली आला. दिग्दर्शन मनोजकुमारचं, पहिलंच. दिग्दर्शनाबरोबर कथेचा आणि संवादाचाही फिल्मफेअर पुरस्कार त्याला मिळाला. पुढे फाळके पुरस्कारही आला, आणि ४ एप्रिल २०२५ रोजी मुंबईतच त्यांचं निधन झालं.

आता आजच्या बोईसर फलाटावर उतरा. तारापूरच्या तिसऱ्या-चौथ्या अणुभट्टीसाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही गावं उठली. एमआयडीसीच्या चाळींत कितीतरी राज्यांतून आलेली कुटुंबं राहतात. या घरांतली काही मुलं उद्या ऑडिशनसाठी लोकल पकडून अंधेरीला जातील. त्यांना माझं मनापासून सांगणं आहे : कामाची वाट पाहा, पण सोबत लिहा. ऑडिशनच्या रांगेत तुमचा चेहरा शंभरांतला एक असतो. उठलेल्या गावाची, घरातल्या भांडणाची, बापानं घातलेल्या शपथेची गोष्ट मात्र तुमच्याकडेच असते. ती आहे तशीच सांगायला हवी असंही नाही. दुसऱ्याच्या अंगणात नेऊन ठेवा. तिथला माणूस तिला आपली म्हणाला, की त्या गावात तुम्ही परके राहत नाही.