कॅमेरॉनबाईंचे काचघर

मोबाईलवर बोट टेकवले की फोटो निघण्याचे हे दिवस आहेत. त्यामुळे फोटो काढण्यात आणि काढून घेण्यात कष्ट असतात, ही गोष्ट आपण साफ विसरलो आहोत. फोटो चांगला आला की काढणाऱ्याची तारीफ होते; बिघडला की समोर बसलेलीच्या नाकाडोळ्यांवर ठपका येतो. पण फोटो हे एकट्याचे काम नव्हे. एकाने उजेड राखावयाचा, दुसऱ्याने त्या उजेडात बसावयाचे, आणि दोघांचे जमले तरच चित्र उतरावयाचे. समोर बसणे हेही कामच आहे. सुमारे १६० वर्षांपूर्वी विलायतेतील एका संसारी बाईने आणि तिच्या घरी कामाला असलेल्या मुलींनी मिळून हे जगाला दाखवून दिले. त्यांचीच हकिगत येथे सांगावयाची आहे.

फोटोची कला १८३९ साली जगापुढे आली. १८५१ साली फ्रेडरिक स्कॉट आर्चर या इंग्रज गृहस्थाने ओल्या काचेवर फोटो घेण्याची रीत प्रसिद्ध केली आणि मग गावोगाव स्टुडिओ निघाले. विजेचे दिवे तेव्हा घरात आले नव्हते. सूर्य हाच काय तो दिवा. धंदेवाईक फोटोग्राफर घराच्या माथ्यावर काचेचे छप्पर असलेली खोली बांधीत आणि काच शक्यतो उत्तरेकडे ठेवीत. त्या देशांत ऊन दक्षिणेकडून येते, म्हणून उत्तरेचा उजेड कडक नसतो आणि दिवसभर पुष्कळसा सारखा राहतो. गिऱ्हाईक हलू नये यासाठी त्याच्या डोक्यामागे लोखंडी चिमट्याचा आधार लावीत. बाजूला एखादा नकली खांब, मागे रंगवलेला पडदा आणि सर्वांगावर सारखा उजेड! फोटो स्वच्छ निघे. पण सरदाराचा असो की दुकानदाराचा, एकाच साच्यातून काढलेल्या मोदकांसारखे सगळे सारखे दिसत.

हा साचा ज्यांनी मोडला त्या बाईंचे नाव ज्युलिया मार्गारेट कॅमेरॉन. कॅमेरा आणि कॅमेरॉन हा निव्वळ नावांचा योगायोग. त्यांचा जन्म आपल्याच देशात, कलकत्त्यास, ११ जून १८१५ रोजी झाला. वडील ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत होते. १८३८ साली कलकत्त्यासच त्यांचे लग्न झाले. यजमान चार्ल्स हे कॅमेरॉन त्यांच्याहून वीस वर्षांनी मोठे. मेकॉलेसाहेबांच्या ज्या आयोगाने हिंदुस्थानच्या दंडसंहितेचा मसुदा केला, त्याचे ते सभासद होते. ती दंडसंहिता १८६० साली मंजूर झाली आणि थेट २०२४ सालापर्यंत आपल्याकडे चालली.

१८४८ साली कॅमेरॉन कुटुंब विलायतेस गेले आणि १८६० साली आईल ऑफ वाइट या बेटावर फ्रेशवॉटर गावी राहू लागले. सिलोनमधील आपल्या मळ्यांवरून त्यांनी घराचे नाव डिंबोला ठेवले. बाईंना स्वतःची सहा मुले. शिवाय नात्यातली आणि परकी अशी आणखी काही त्यांनी सांभाळली. पण मुले मोठी झाली, लेक सासरी गेली, यजमान मळ्यांच्या कामासाठी सिलोनला गेले आणि नेहमी गजबजलेले घर रिकामे वाटू लागले. आईचा वेळ जावा म्हणून १८६३ च्या डिसेंबरात लेक-जावयांनी त्यांना एक कॅमेरा भेट दिला. बाई तेव्हा ४८ वर्षांच्या होत्या. संसारातून मोकळी झाल्यावर बाईने जपमाळ ओढावी, असे तिथेही पुष्कळांना वाटत असावे. बाईंनी मात्र कॅमेरा हाती घेतला.

घरात स्टुडिओ कुठून येणार? त्यांनी कोळशाच्या कोठीची अंधारी खोली केली. आवारात मुलांच्या कोंबड्यांसाठी काचेचे खुराडे होते. कोंबड्या सोडून दिल्या आणि त्याचे काचघर केले. हाच त्यांचा स्टुडिओ. गावातील एका शेतकऱ्याला ताशी अर्धा क्राऊन, म्हणजे अडीच शिलिंग मजुरी देऊन त्यांनी समोर बसवले. फोटो उतरला, पण ओल्या काचेवर हात फिरला आणि चित्र पुसून गेले! तरी बाई खचल्या नाहीत. १८६४ च्या जानेवारीत ॲनी फिलपॉट नावाच्या एका लहान मुलीचा फोटो त्यांना मनासारखा साधला. त्यावर त्यांनी स्वतःच्या हाताने ‘माझे पहिले यश’ अशा अर्थाचे शब्द लिहिले. आनंद इतका झाला की घरभर फिरून पोरीला द्यायला खाऊ-खेळणी शोधू लागल्या, कारण हे चित्र सगळे तिनेच केले असे त्यांना वाटत होते. समोर बसणारीच्या श्रमाची ही केवढी कदर!

आता त्यांच्या उजेडाविषयी. काचघरात चहूकडून उजेड येतो, आणि सगळीकडून सारखा उजेड पडला की चेहरा सपाट दिसतो. बाई काचांना पडदे लावून नको तो उजेड अडवीत आणि बहुधा एका बाजूने किंवा वरून तेवढाच आत येऊ देत. आपल्याकडे संध्याकाळी देवघरात एकच निरांजन लावले की देवाच्या मूर्तीचा एक गाल उजळतो, दुसरा सावलीत राहतो आणि डोळे जिवंत वाटतात. तीच ही युक्ती. मागे गडद कापड, अंगावर शाल किंवा मखमल, आणि उजेड फक्त चेहऱ्यावर. कॅमेरा त्या इतका जवळ नेत की पुष्कळदा चेहऱ्याशिवाय चित्रात दुसरे काही राहतच नसे.

आणखी एक गोष्ट त्यांना सांभाळावी लागे. त्या काळच्या काचेला निळा रंग चटकन लागे, तांबडा आणि पिवळा जवळजवळ लागतच नसे. त्यामुळे लाल वस्त्र काळे दिसे, निळे डोळे पांढुरके पडत आणि चेहऱ्यावरचे वांग उठून दिसत. डोळ्यांना दिसते ते एक आणि काचेवर उतरते ते दुसरे, हे ध्यानात ठेवूनच कपडा निवडावा लागे.

भिंग नीट लावतानाही त्यांची रीत वेगळी होती. इतर फोटोग्राफर केस न् केस रेखीव दिसेपर्यंत भिंग पुढेमागे करीत. बाई मात्र, चित्र आपल्या डोळ्यांना सुंदर दिसले की तिथेच थांबत. त्यामुळे त्यांचे फोटो थोडे धूसर येत.

काचेचे काम म्हणजे स्वयंपाकघराइतकेच घाईचे. काचेवर कोलोडियन नावाचा चिकट द्रव सारखा पसरावयाचा, मग ती सिल्व्हर नायट्रेटच्या पाण्यात बुडवावयाची, ओली असतानाच कॅमेऱ्यात घालावयाची आणि सुकण्यापूर्वी अंधाऱ्या खोलीत नेऊन धुवावयाची. धिरड्याचे पीठ तव्यावर पसरताना हात जसा थबकून चालत नाही, तसेच हे. नंतर अंड्याच्या पांढऱ्या बलकाचा लेप दिलेल्या कागदावर ती काच ठेवून उन्हात छापावयाची. पहिल्या कॅमेऱ्याची काच सुमारे ११ इंच लांब आणि ९ इंच रुंद होती. पुढच्या मोठ्या कॅमेऱ्याची १५ इंच आणि १२ इंच. सिल्व्हर नायट्रेटचे काळे डाग एकदा पडले की निघत नाहीत. चित्र साधले की बाई ओली काच घेऊन यजमानांना दाखवायला जेवणघरात धावत, आणि त्यापायी त्यांनी किती टेबलक्लॉथ नासवले याची गणतीच नाही. कमी सोशीक घर असते तर मला हाकलूनच दिले असते, असे त्यांनी पुढे गमतीने लिहिले. म्हातारे यजमान मात्र प्रत्येक चित्र कौतुकाने पाहत.

हे झाले काढणाऱ्याचे. समोर बसणाऱ्याचे काय होत असे? काच मोठी, उजेड थोडा. म्हणून तीन-तीन, पाच-पाच मिनिटे, कधी त्याहूनही जास्त वेळ हलावयाचे नाही. एका बाईने आपला अनुभव पुढे लिहून ठेवला आहे. झेनोबिया राणी म्हणून कॅमेरॉनबाईंनी तिला डोक्यावर मुकुट घालून बसवले होते. पहिल्या मिनिटाला तिला किंचाळावेसे वाटले. दुसऱ्या मिनिटाला डोळे बाहेर पडतील असे वाटले. तिसऱ्याला मान लुळी पडली. चौथ्याला सैल मुकुट कपाळावरून खाली घसरू लागला. आणि पाचव्या मिनिटाला म्हातारे कॅमेरॉनसाहेब भलत्याच वेळी हसू लागले, तशी तिलाही हसू फुटले आणि काच फुकट गेली! वाचताना मौज वाटते खरी; पण पाच मिनिटे पापणी सांभाळून, मनात एक भाव धरून, श्वासही बेताने घेत बसून पाहावे, म्हणजे हे किती अवघड आहे ते कळेल.

मोठमोठ्या माणसांचीही या काचघरात सुटका नसे. कवी टेनिसन हे त्यांचे शेजारी, ते पुष्कळदा बसले. १८६८ साली डार्विन बसले. खगोलशास्त्रज्ञ सर जॉन हर्शेल यांचा १८६७ सालचा फोटो फार प्रसिद्ध आहे. बाईंनी त्यांना आधी केस धुवायला लावले आणि अंगावर काळी मखमल घातली. म्हणून ते पांढरे केस अंधारात तेजोवलयासारखे दिसतात.

परंतु थोर माणसे येऊन जाणारी. बाईंच्या हाकेसरशी रोज हजर असत त्या घरच्या कामाच्या मुली. मेरी हिलियर ही त्यांतली मुख्य. ती त्याच बेटावरची, जन्म १८४७ चा, आणि घरात वाढण्या-आवरण्याचे काम करणारी. बाईंनी तिला कधी मूल घेतलेली मरियम केले, कधी प्राचीन ग्रीसची कवयित्री सॅफो केले. गावात तिचे नावच मेरी मॅडोना पडले. हातातले काम टाकून यावयाचे, केस सोडावयाचे, उजेडात बसावयाचे आणि मग पुन्हा कामाला लागावयाचे. सर्वांत सुंदर आणि सर्वांत नेमाने बसणाऱ्यांत बाईंनी स्वतःच तिची गणना केली आहे. मेरी १९३६ साली वारली.

दुसरी मेरी रायन. ही आयरिश भिकारणीची मुलगी. बाईंनी तिला घरी आणले, लिहिणे-वाचणे शिकवले, कामाला ठेवले आणि कॅमेऱ्यासमोरही बसवले. १८६५ साली लंडनमध्ये भरलेल्या प्रदर्शनात हेन्री कॉटन नावाच्या तरुणाने तिचा फोटो आणि तिलाही पाहिले, आणि १८६७ साली दोघांचे लग्न झाले. कॉटन सनदी नोकरीत हिंदुस्थानात आले, हिंदी लोकांची बाजू घेऊन लिहू-बोलू लागले, आणि १९०४ साली मुंबईस भरलेल्या राष्ट्रीय सभेच्या अधिवेशनाचे अध्यक्ष झाले. काचघरातल्या त्या मुलीच्या संसाराचा धागा असा आपल्या मुंबईपर्यंत येऊन पोहोचतो.

मात्र एक गोष्ट मनाला लागते. डार्विनच्या फोटोखाली डार्विन असे लिहिले गेले, हर्शेलच्या फोटोखाली हर्शेल. मेरी हिलियरच्या फोटोखाली मरियम किंवा सॅफो! बाईंनी तिचे कौतुक केले, तिला सुंदर दाखवले. पण भिंतीवर तिचे नाव पुष्कळदा आले नाही. ते शोधून काढण्याचे काम पुढच्या अभ्यासकांना करावे लागले. गरिबाच्या मुलीचा चेहरा उरतो आणि नाव पुसले जाते, हे त्या काचघरातही चुकले नाही.

बाईंवर टीकाही थोडी झाली नाही. फोटो धूसर आहेत, काचेवर बोटांचे ठसे आहेत, बाईंना कसब येत नाही, असे फोटोग्राफीच्या मासिकांनी म्हटले. परंतु १८६५ सालीच लंडनच्या साउथ केन्सिंग्टन म्युझियमने त्यांचे फोटो विकत घेतले आणि १८६८ साली स्टुडिओसाठी दोन खोल्या वापरावयास दिल्या. तेच आजचे व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियम. ते फोटो आजही तेथे आहेत. १८७५ साली कॅमेरॉन पतिपत्नी सिलोनला गेली. तेथेही बाईंनी मळ्यांवरील मजुरांचे फोटो काढले. २६ जानेवारी १८७९ रोजी त्यांचा तेथेच अंत झाला.

आपल्याकडे तर बाईने फोटोसाठी परपुरुषासमोर बसणेच कठीण होते. १८९२ साली राजा दीनदयाळ यांनी हैदराबादेस फक्त स्त्रियांसाठी जनाना स्टुडिओ काढला. तो केनी-लेव्हिक नावाच्या एका इंग्रज बाईंच्या हाती दिला, भोवती उंच भिंती बांधल्या आणि आत कामालाही बायकाच ठेवल्या. कॅमेऱ्यामागे बाई असली की समोरच्या बाईच्या चेहऱ्यावरचा ताण उतरतो, हे त्या चतुर माणसाने ओळखले होते.

आज काचघर नको आणि कोलोडियनही नको. मोबाईल सर्वांच्या हाती आहे, आणि खिडकीतून एका बाजूने येणारा उजेड तर फुकट आहे. घरातील वडीलधाऱ्या बाईला त्या उजेडात स्वस्थ बसवावे, दुसऱ्या बाजूचा दिवा मालवावा, तिच्याशी दोन गोड शब्द बोलावे आणि मग फोटो काढावा. कॅमेरॉनबाईंची विद्या बरीचशी एवढ्यातच आहे. आणि कागदावर छापलेला फोटो असेल तर त्याच्या पाठीवर मऊ पेन्सिलीने, हलक्या हाताने, साल आणि नावे लिहून ठेवावीत. नावे सर्वांची लिहावीत. मधल्या खुर्चीवरच्या पाहुण्यांची तर लिहावीतच. पण मागच्या रांगेत कडेला उभी असलेली, सकाळपासून सतरंज्या घालून आणि चहा करून दमलेली जी बाई असेल, तिचेही नाव राहू नये.