नवं घर घेताय? किल्लीआधी वीजबिल बघा

मुंबईत बेस्ट, टाटा, अदानी अशी नावं ऐकू येतात. गुरुकुंज मोझरीत, किंबहुना साऱ्या वऱ्हाडात, घरात वीज येते ती महावितरणचीच. म्हणून इथं बघायचं ते मीटर आणि थकबाकी.

सौदा पक्का करण्याआधी जुन्या मालकाकडून ताजं बिल मागा. त्यावर १२ अंकी ग्राहक क्रमांक असतो. बिलावरचा मीटर नंबर भिंतीवरच्या मीटरशी जुळतो का ते बघा, आणि ताबा घ्याल त्या दिवशी रीडिंगचा फोटो काढून ठेवा. भाडेकरूंनीही हे करावं.

थकबाकी जुन्या मालकासोबत जात नाही, जागेवरच राहते. नियमांत तरतूद असेल तर ती नव्या मालकाकडून वसूल करता येते, असं सर्वोच्च न्यायालयानंही मे २०२३ मध्ये सांगितलं. महाराष्ट्रात खरेदीदारावर जास्तीत जास्त सहा महिन्यांची थकबाकी येते. वारसांना मात्र ही मर्यादा लागू नाही. आपल्याकडे तर अब्बांचा इंतकाल होऊन दहा वर्षं झाली तरी बिल त्यांच्याच नावानं येतं! हे काम लांबवू नका, असं आम्ही आग्रहानं सांगतो.

नाव बदलायला खरेदीखत किंवा वारसाचे कागद लागतात. अर्ज ऑनलाइनही होतो. बिलावर एका भावाचं नाव चढलं म्हणून घर त्याचं होत नाही, बहिणींचा हिस्सा कायम राहतो. तक्रारीसाठी १९१२ वर फोन करा.