न्यायासनामागचे बळ

कामगार न्यायालयाच्या पायऱ्या झिजविण्यात आमचे निम्मे आयुष्य गेले. तारखेमागून तारीख पडे, आणि आम्ही कामगारांना सांगत असू, "धीर धरा, कायदा आपल्या बाजूचा आहे." ऑटो कान-फ्रॉइंड या जर्मन न्यायाधीशाचे चरित्र वाचल्यापासून हे वाक्य उच्चारताना आमची जीभ अडखळते. ती का, एवढेच आज सांगावयाचे आहे.

कान-फ्रॉइंड यांचा जन्म १९०० साली फ्रांकफुर्टच्या एका ज्यू कुटुंबात झाला. कामगार कायद्याचे धडे त्यांनी ह्यूगो झिंट्सहायमर या थोर पंडितापाशी घेतले. १९२६ साली, म्हणजे आपल्याकडे ट्रेड युनियन कायदा झाला त्याच वर्षी, जर्मनीत कामगार न्यायालयांचा कायदा झाला. मध्ये न्यायाधीश, एका बाजूस मालकांचा माणूस, दुसऱ्या बाजूस कामगारांचा, अशी त्या न्यायासनाची रचना होती. बर्लिनच्या अशा न्यायासनावर कान-फ्रॉइंड तिशीच्या आतच बसले.

१९३१ साली त्यांनी एक पुस्तिका लिहिली. देशाचे वरिष्ठ कामगार न्यायालय एकट्यादुकट्या कामगाराला सांभाळून घेते. पण तोच संघटित होऊन लढू लागला की त्याचे हात बांधते. ही वाट इटलीतल्या फॅसिझमच्या विचाराला मिळते, असे त्यांनी खुर्चीवर असतानाच बजावले.

१९३३ साली हिटलर सत्तेवर आला. कम्युनिस्ट असल्याच्या संशयावरून काढलेल्या नभोवाणीच्या नोकरांना कान-फ्रॉइंड यांनी न्याय दिला. त्याच वर्षी त्यांचीच खुर्ची गेली. १ मे रोजी नव्या सरकारने कामगारांना पगारी सुट्टी दिली, आणि २ मे रोजी युनियनच्या कचेऱ्या ताब्यात घेऊन पुढाऱ्यांना पकडले.

आता एक गोष्ट ध्यानात घ्या. कामगार न्यायालये बंद पडली नाहीत. ती नावाने तशीच चालू राहिली. पण कामगाराच्या बाजूला बसणारा माणूस आता युनियनचा नव्हता. १९३४ च्या कायद्याने तर मालक हाच कारखान्याचा 'नेता' ठरला.

कान-फ्रॉइंड लंडनला गेले. परक्या भाषेत पुन्हा विद्यार्थी झाले, पुढे लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये आणि १९६४ पासून ऑक्सफर्डला प्राध्यापक झाले. ब्रिटनमधील युनियनांचा विचार करणाऱ्या डोनोव्हन आयोगाचे ते सभासद होते. एकटा कामगार आणि मालक यांच्यातला करार बरोबरीचा नसतो; ते तागडे सावरणे हे कामगार कायद्याचे काम, पण त्यात मुख्य वजन संघटनेचेच पडते, असे ते शिकवीत. १९७९ साली ते वारले.

मग कोर्टात जाऊच नये काय? तसे नव्हे. १९६८ च्या आयोगाच्या अहवालातही अन्यायाने कामावरून काढलेल्यांना कायद्याचे संरक्षण द्यावे, अशी शिफारस आहे. आम्हीही पुढच्या तारखेला जाणारच. मात्र हल्ली कामगारांना तारीख सांगताना आम्ही सभेची वेळही सांगतो, आणि सभेला किती आले ते आधी मोजतो.