भाजीपाला आणि बहीणभाऊ

मंडळी, भायखळ्यात बोलतोय, तर सुरुवात मंडईपासून करू. आपण ‘भाजीपाला आणला’ म्हणतो, ‘आणले’ नाही; कारण भाजी, पाला, मिरच्या सगळ्यांची मिळून एक पिशवी झालेली असते. पण ‘बहीणभाऊ आले’ म्हटलं की दोघं वेगळे उभे राहतात. पहिला समाहार द्वंद्व, दुसरा इतरेतर. शाळेत आपण हे मार्कांपुरतं पाठ केलं! पाणिनीच्या परंपरेत मात्र ‘च’चे चार अर्थ सांगून त्यातल्या या दोनच अर्थी द्वंद्व समास मानला आहे. रसेलनंही १९०३ साली वर्गाबद्दल हाच प्रश्न मांडला: तो एक, की अनेक?

आता पायथन. उतारवयात शिकायला घेतलं आणि पहिल्याच आठवड्यात हा जुना पाहुणा भेटला. फंक्शनला अनेक वस्तू द्यायच्या, तर पिशवी द्यावी (म्हणजे लिस्ट), की एकेक वस्तू सुटी?

इतिहास गमतीचा आहे. जुन्या पायथनात लिस्टच्या ॲपेंडला १ आणि २ असे दोन आकडे सुटे दिले, तर ते गुपचूप दोघांचं एक गाठोडं बांधून आत ठेवायचं. म्हणजे बहीणभाऊ दिले आणि त्याचा भाजीपाला झाला. तक्रार नाही, इशारा नाही. ऑक्टोबर २००० मध्ये पायथन २.० आलं आणि तिथे ही चूक ठरली. काहींचे चालते प्रोग्रॅम बंद पडले, तरी माझ्या मते निर्णय योग्य होता. एक मानायचं की अनेक, हे देणाऱ्यानं सांगावं. घेणाऱ्यानं परस्पर ठरवू नये. त्याच आवृत्तीत फंक्शनला हाक मारताना लिस्टपुढे तारांकन लावून पिशवी सोडायची सोय आली. त्याआधी लिस्पकडून आलेलं ॲप्लाय वापरावं लागे.

तरी दुटप्पीपणा उरलाच. ‘मॅक्स’ला ३ आणि ८ सुटे द्या किंवा लिस्टमध्ये द्या, उत्तर ८च. पण दोन लिस्ट द्या, एकीत ३ आणि ८, दुसरीत ५ आणि १. उत्तर ८ नाही! दुसरी लिस्ट अख्खी परत येते, कारण पिशव्यांचीच तुलना होते, आणि तीही आधी पहिल्या आकड्यांवरून.

म्हणून किती वस्तू येतील ते ठाऊक नसेल, तर मी लिस्टच देतो. आणि तारांकन जपून वापरतो, बरं का. ‘कांदा’ या शब्दापुढे लावलंत, तर क, काना, अनुस्वार, द, काना असे पाच तुकडे हातात येतात.