पानशेतचा धडा

मातीचे धरण आपल्या भाराने पाणी तोलून धरते. मात्र माथ्यावरून पाणी वाहू लागले की ते तग धरू शकत नाही. म्हणून सांडवा आणि भरावाखालून पाणी सोडणारा विमोचक यांचे महत्त्व भिंतीहून कमी नसते.

पुण्याच्या पिण्याच्या पाण्यासाठी व शेतीसाठी अंबी नदीवर उभ्या राहणाऱ्या पानशेत धरणात १९६१ च्या पावसाळ्यात, बांधकाम पूर्ण होण्यापूर्वीच पाणी साठविण्यात आले. विमोचकाच्या दारांची यंत्रणा अपुरी होती. अर्धवट उघड्या दारांतून उसळणाऱ्या पाण्याचे हादरे बसून वरचा भराव खचू लागला. ११ जुलैच्या रात्री जवानांनी वाळूची पोती रचून माथा सावरून धरला. १२ जुलैच्या सकाळी धरण फुटले. खालचे, १८७९ सालचे खडकवासला धरणही त्या लोंढ्यापुढे टिकले नाही आणि पुण्याचा नदीकाठ बुडाला. जवानांच्या त्या झुंजीमुळे प्रलय रात्रीऐवजी दिवसा आला, एवढेच सुदैव.

पानशेत धरण पुढे पुन्हा बांधले गेले. २०२१ च्या धरण सुरक्षा कायद्याने पावसाळ्याच्या आधी व नंतर तपासणी आणि आपत्कालीन कृती आराखडा बंधनकारक केला. पाणी अडविण्याआधी ते सोडण्याची वाट पक्की असावी, हे पुण्याला साठ वर्षांपूर्वीच कळून चुकले होते.